फायटिंग गेमच्या स्पर्धांमधील साइड इव्हेंट : मुख्य मंचाच्या कडेला काय चालते?

कडेचे_टेबल (धागाकर्ता)

फायटिंग गेमच्या, म्हणजे दोन पात्रांना समोरासमोर लढवण्याच्या व्हिडिओ गेमच्या, मोठ्या स्पर्धांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुतेक वेळा अंतिम फेरीपाशी सुरू होऊन तिथेच संपते. कोण जिंकले, कोणते पात्र घेऊन जिंकले आणि बक्षीस किती मिळाले, एवढ्यावर बातमी आटोपते. या धाग्यात मला त्याच सभागृहाच्या कडेला मांडलेल्या टेबलांवर जे साइड इव्हेंट, म्हणजे मुख्य यादीबाहेरचे छोटे उपक्रम, चालतात, त्यांच्याविषयी चर्चा करायची आहे. माझे म्हणणे असे की मुख्य यादी प्रकाशक, प्रायोजक आणि त्या वर्षी बाजारात असलेला नवा खेळ यांच्या कलाने ठरते, तर साइड इव्हेंट खेळाडू स्वतः मागून घेतात आणि पुष्कळदा स्वतःच चालवतात. मुख्य मंचावर येण्याआधी आणि तिथून उतरल्यानंतर खेळ याच टेबलांवर जगतो. म्हणून आयोजकाने हे काम उरल्यासुरल्या जागेत उरकले, तर त्याचा फटका कालांतराने मुख्य मंचालाही बसतो.

उदाहरण म्हणून इव्हो ही स्पर्धा घेऊ. १९९६ साली कॅलिफोर्नियात ‘बॅटल बाय द बे’ या नावाने ती सुरू झाली आणि २००२ पासून तिला आजचे नाव मिळाले. २०१३ च्या सुरुवातीला आयोजकांनी यादीतील शेवटची जागा देणगीच्या चढाओढीतून भरण्याचे ठरवले; ज्या खेळाचे चाहते स्तनांच्या कर्करोगावरील संशोधनासाठी सर्वाधिक निधी देतील, तो खेळ मुख्य यादीत जाणार होता. २००१ साली आलेल्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’च्या चाहत्यांनी ९४,६८३ डॉलर जमवून ती जागा पटकावली आणि ‘स्कलगर्ल्स’ दुसऱ्या क्रमांकावर राहिला. मेली पुढे २०१८ पर्यंत दरवर्षी मुख्य यादीत होता आणि २०१९ मध्ये वगळला गेला. हरलेला स्कलगर्ल्स मात्र २०२२ मध्ये मुख्य यादीत आला. मधल्या नऊ वर्षांत त्याचे खेळाडू टिकून राहिले, ते कडेच्या टेबलांच्या आणि ऑनलाइन लढतींच्या बळावर.

आपल्यापैकी जे स्पर्धा खेळतात, पाहतात किंवा भरवतात, त्यांनी याविषयीचे अनुभव आणि मतभेद दोन्ही मोकळेपणाने लिहावेत, ही विनंती.

निकालप्रेमी

धागा चांगला आहे, परंतु साइड इव्हेंटच्या कौतुकात त्यांची अडचणीची बाजू झाकली जाऊ नये, असे वाटते. इव्होमध्ये २०२३ साली एकट्या स्ट्रीट फायटर ६ साठी सात हजारांहून अधिक खेळाडूंनी नोंदणी केली होती. एवढ्या मोठ्या ब्रॅकेटमध्ये (बाद फेऱ्यांच्या तक्त्यात) प्रत्येक खेळाडूला ठरलेल्या वेळी ठरलेल्या पूलमध्ये (प्राथमिक गटात) हजर राहावे लागते. तो सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या जुन्या खेळाची लढत संपवत बसला, की इकडे पूलमधील इतर सर्व जण ताटकळतात. पंचाने त्याला डीक्यू (अपात्र) केले तर तो भांडतो आणि नाही केले तर सगळ्यांचे वेळापत्रक कोलमडते. छोट्या स्पर्धांत तर याहून वाईट चित्र मी पाहिले आहे : मुख्य खेळाची अंतिम आठ जणांची फेरी सुरू असताना निम्मे प्रेक्षक मागे भलत्याच खेळाभोवती आरडाओरडा करत उभे असतात आणि समालोचकाचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. जत्रेत पाळणे जरूर असावेत, परंतु कुस्तीचा फड रंगलेला असताना पाळण्यांचा भोंगा वाजू नये, एवढीच अपेक्षा आहे.

ब्रॅकेटकर

निकालप्रेमी यांची तक्रार रास्त आहे. मात्र तिचे मूळ वेळेच्या चुकीच्या अंदाजात आहे. मी काही वर्षे छोट्या स्पर्धांमध्ये टीओचे (स्पर्धा चालवणाऱ्याचे) काम करत आलो आहे आणि साइड इव्हेंट फसतात ते बहुतेक वेळा कागदावरच फसलेले असतात, असे माझे निरीक्षण आहे.

हिशेब मांडून पाहा. दुहेरी बाद पद्धतीच्या ब्रॅकेटमध्ये, म्हणजे दोनदा हरल्यावरच खेळाडू बाद होतो तिथे, ३२ खेळाडू असतील तर ६२ लढती होतात आणि ग्रँड फायनल रिसेट झाली, म्हणजे तोवर न हरलेला खेळाडू त्यात हरून ती पुन्हा खेळावी लागली, तर ६३. तीनपैकी दोन गेम जिंकायच्या एका लढतीला, जागेवर बसणे, बटणे लावून घेणे आणि निकाल सांगायला येणे हे सारे धरून, सरासरी आठ मिनिटे लागतात असे माना. चार सेटअप (कन्सोल आणि पडद्याच्या जोड्या) असतील तर भागाकाराने उत्तर दोन तासांच्या आसपास येते आणि आयोजक नेमके तेवढेच लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात शेवटच्या फेऱ्यांमध्ये चारही सेटअप वापरता येत नाहीत. पहिल्याच फेरीत हरलेल्या खेळाडूला ग्रँड फायनलपर्यंत पोहोचायचे तर लूजर्स बाजूच्या (एकदा हरलेल्यांच्या) आठ फेऱ्या एकामागून एक पार कराव्या लागतात आणि त्या एकाच वेळी उरकण्याचा कोणताही मार्ग नाही. त्यामुळे मी अशा ब्रॅकेटला तीन तास धरतो. सोळा खेळाडू आणि दोन सेटअप असतील, तरीही अडीच तासांपेक्षा कमी धरत नाही.

माझे नियम त्यामुळे थोडे कडक आहेत. साइड इव्हेंट मुख्य खेळाचे पूल संपल्यावर संध्याकाळी सुरू करावा किंवा ज्या खेळाडूंचे पूल सकाळी आहेत त्यांच्यासाठी दुपारी ठेवावा. नोंदणीला कमाल मर्यादा असावी. त्याचा टीओ मुख्य ब्रॅकेट सांभाळणाऱ्यापेक्षा वेगळा असावा. आणि दोन्हीकडून एकदम हाक आली तर मुख्य पूलला प्राधान्य राहील, हे नोंदणीच्या पानावर आधीच ठळक लिहावे. शेवटची अट आधी लिहिलेली असली की टेबलापाशी वाद होत नाहीत.

उलटडाव

वेळापत्रकाच्या चर्चेत मिस्टरी गेम टूर्नामेंट मागे राहू नये. शिकागो परिसरातील यूएफजीटी आणि २०१५ पासून तिची जागा घेणारी कॉम्बो ब्रेकर या स्पर्धा या प्रकारासाठी ओळखल्या जातात. खेळाडू ब्रॅकेटमध्ये नाव घालतात, पण कोणता खेळ खेळायचा हे त्यांना खुर्चीवर बसेपर्यंत सांगितले जात नाही. समोर एखादा विसरलेला फायटिंग गेम येईल, कोडी सोडवण्याचा खेळ येईल, गाड्यांची शर्यत येईल किंवा ज्याचे मेनू कोणालाच वाचता येत नाहीत असा जपानी क्रीडा-खेळही येईल.

वरवर पाहता ही निव्वळ गंमत आहे आणि प्रेक्षक हसायलाच येतात. तरीही जे खेळाडू मुख्य ब्रॅकेटमध्ये वरच्या फेऱ्यांत दिसतात, त्यांतले काही इथेही पुन्हा पुन्हा वर येतात, याचा विचार करायला हवा. पाठ केलेले कॉम्बो (फटक्यांच्या साखळ्या) इथे कामाला येत नाहीत. कोणते बटण काय करते हे पहिल्या अर्ध्या मिनिटात ताडणे, आपला फटका किती अंतरावरून लागतो हे ओळखणे आणि समोरचा गोंधळला की तो कोणती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो हे हेरणे, एवढेच हाती उरते. फायटिंग गेमचे कौशल्य ज्यांना बोटांची चपळाई एवढेच वाटते, त्यांना मी सर्वप्रथम मिस्टरी ब्रॅकेटचे चित्रीकरण पाहायला सांगतो.

कडेच्या टेबलावरून नवा खेळ जन्माला आल्यासारखेही उदाहरण आहे. ‘डाइव्हकिक’ हा केवळ दोन बटणांचा खेळ आहे : एका बटणाने उडी मारायची, दुसऱ्या बटणाने हवेतून तिरकी लाथ घालायची आणि एक फटका लागला की फेरी संपली. यूएफजीटीचे आयोजक ॲडम हार्ट, ज्यांना सगळे ‘कीट्स’ म्हणून ओळखतात, त्यांच्या या कल्पनेला चेष्टेचे रूप होते. २०१२ मध्ये तो त्यांच्याच स्पर्धेत लोकांपुढे आला आणि २०१३ मध्ये रीतसर प्रकाशित झाला. चेष्टा म्हणून सुरू झालेल्या या खेळात फायटिंग गेममधील अंतराची आणि संयमाची लढाई जितकी उघडी दिसते, तितकी पुष्कळ गंभीर खेळांत दिसत नाही.

कोंडीफोड

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला ॲनिमे शैलीतील फायटिंग गेमची पुस्ती जोडतो. इव्होच्या सभागृहातच ‘ॲनिमेव्हो’ या नावाने या खेळांच्या उपस्पर्धांची मालिका चालत आली आहे आणि मुख्य यादीत कधीच जागा मिळणार नाही असे ज्यांच्याबद्दल वाटे, ते अनेक खेळ तिने सांभाळले. ‘अंडर नाइट इन-बर्थ’ हा त्यांतलाच एक. २०१९ च्या इव्होच्या मुख्य यादीत त्याचे नाव जाहीर झाले तेव्हा त्याच्या चाहत्यांनाच विश्वास बसेना. ज्या वर्षी मेली यादीतून उतरला, त्याच वर्षी हा खेळ वर चढला.

उलट दिशेचा प्रवास मार्व्हल आणि कॅपकॉम यांच्या खेळांनी दाखवला आहे. ‘अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’ २०११ मध्ये आला. परवान्याची मुदत संपल्यामुळे २०१३ च्या अखेरीस तो डिजिटल दुकानांतून काढून टाकण्यात आला आणि नव्या खेळाडूला तो विकत घेणेच कठीण झाले. तरीही स्पर्धा चालू राहिल्या, २०१६ च्या अखेरीस तो पुन्हा विक्रीस आला आणि २०१७ मध्ये इव्होने देणगीची तीच पद्धत पुन्हा वापरली तेव्हा त्यानेच बाजी मारली. पुढे इव्होने जुन्या खेळाला मुख्य यादीत जागा द्यायला सुरुवात केली : २०२३ मध्ये हाच खेळ, २०२४ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’ आणि २०२५ मध्ये ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’.

या शेवटच्या बदलाकडे मी थोड्या शंकेने पाहतो. एका जुन्या खेळाला वर्षभरापुरता मान दिला की बाकीच्यांसाठी कडेची जागा मागणाऱ्यांना ‘तुमची सोय केली आहे’ असे सांगणे सोपे होते.

कडेचे_टेबल (धागाकर्ता)

कोंडीफोड यांची शंका मला पूर्णपणे पटत नाही. थर्ड स्ट्राइकला मुख्य मंच मिळाला म्हणून त्याचे कडेचे खेळाडू कमी झाले नाहीत. जपानमध्ये पाच-पाच जणांच्या संघांची ‘कोऑपरेशन कप’ ही स्पर्धा त्या एका खेळावर वर्षानुवर्षे चालली आहे, ती इव्होच्या कृपेवर अवलंबून नव्हती. तरीही आयोजकांना सोयीची सबब मिळते, हे मान्य करावे लागेल.

काठीबहाद्दर

यंत्रसामग्रीविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. मुख्य मंचावर सगळे कन्सोल एकाच पिढीचे आणि सगळे मॉनिटर एकाच प्रकारचे असतात. कडेच्या टेबलांवर मात्र वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराची यंत्रे शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि प्रत्येकाचे नखरे निराळे असतात.

मेलीचे उदाहरण घ्या. हा खेळ गेमक्यूबवर खेळला जातो आणि त्याचे खेळाडू जुने, जड, काचेच्या नळीचे सीआरटी टीव्ही आग्रहाने वापरतात. तो हट्ट नाही. या खेळांत सेकंदाला ६० फ्रेम (चित्रे) असतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. साध्या घरगुती एलसीडी टीव्हीने चित्र दाखवायला तीन-चार फ्रेम उशीर केला, तर ज्या फटक्याला प्रतिसाद देता यायला हवा होता तो लागून गेलेला असतो. म्हणून अमेरिकेत असे टीव्ही गाडीत घालून आणणाऱ्या खेळाडूंना कित्येक स्पर्धांत शुल्कात सूट दिली जाते. साइड इव्हेंट भरवणाऱ्याने टीव्ही कोण आणणार, तो कोण उचलणार आणि त्याला कोणती वायर लागणार, हे आधी ठरवावे. खेळाची निवड नंतर करावी.

दुसरी बाब कंट्रोलरची. जुन्या कन्सोलवर आजची आर्केड स्टिक (काठी आणि बटणांचा कंट्रोलर) किंवा लीव्हर नसलेला बटणांचा कंट्रोलर चालवायचा तर कन्व्हर्टर लागतो आणि सगळे कन्व्हर्टर सगळीकडे चालत नाहीत. बिनतारी कंट्रोलरचा उपद्रव तर वेगळाच आहे : आधीचा खेळाडू आपला कंट्रोलर कन्सोलशी जोडलेलाच ठेवून उठतो, पिशवीत त्याचे बटण दाबले जाते आणि दुसऱ्यांची लढत मध्येच थांबते. लढत थांबवणाऱ्याने फेरी गमवायची, हा नियम किती कठोरपणे पाळला जातो हे २०१५ च्या इव्होच्या अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ च्या ग्रँड फायनलमध्ये जगाने पाहिले. मोमोची यांची स्टिक ऐन लढतीत बिघडली, खेळ थांबला आणि त्यांना ती फेरी सोडावी लागली. विजेतेपद त्यांनी तरीही मिळवले. कडेच्या टेबलावर पंच नसतो. तिथे हा नियम कोण लावणार, हे ठरलेले नसेल तर मैत्री तुटेपर्यंत भांडणे होतात.

टोकनवाला

जुन्या खेळांच्या टेबलांकडे केवळ स्मरणरंजन म्हणून पाहू नये. टोकियोतील ताकादानोबाबा येथील मिकाडो या गेम सेंटरमध्ये दशकांपूर्वीच्या फायटिंग गेमच्या स्पर्धा आजही भरतात आणि त्यांत नवे खेळाडूही उतरतात. ज्यांच्या जवळ अशी जागा नाही, त्यांच्यासाठी फाइटकेड हे ऑनलाइन व्यासपीठ आहे. तिथे रोलबॅक तंत्रामुळे (समोरच्याची चाल आधीच अंदाजायची आणि अंदाज चुकला तर खेळ मागे नेऊन दुरुस्त करायचा) दूरच्या खेळाडूशीही जुना खेळ नीट खेळता येतो. या तंत्राचा पाया घालणारी ‘जीजीपीओ’ ही प्रणाली इव्होच्या संस्थापकांपैकी टोनी कॅनन यांनी लिहिली.

आपल्याकडच्या वाचकांसाठी हा मुद्दा अधिक जवळचा आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्यांच्या गावांतही व्हिडिओ गेम पार्लर होती आणि ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ व ‘टेकन ३’ यांच्यापुढे जिंकणारा बसून राहायचा आणि हरणारा पुढचे टोकन घेऊन रांगेत उभा राहायचा, हा शिरस्ता तिथे होता. त्या पिढीतील पुष्कळ जण आज टेकन ८ साठी नवा कन्सोल घेणार नाहीत, परंतु ‘९७’चे एक टेबल मांडले आहे असे कळले तर तिकीट काढून येतील आणि बरोबर मुलांनाही आणतील. स्पर्धेला नवा प्रेक्षक मिळवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही.

निकालप्रेमी

टोकनवाला यांच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे. एक आक्षेप मात्र राहतो : बारा जणांच्या ब्रॅकेटमधील विजेत्याने आपल्या नावापुढे ‘राष्ट्रीय विजेता’ लावू नये आणि आयोजकाने तसे प्रमाणपत्र छापू नये.

रिंगणाबाहेर

साइड इव्हेंट म्हणजे दुसऱ्या खेळाचा ब्रॅकेटच असतो असे नाही, हेही नमूद करायला हवे. फ्लोरिडातील सीईओ या स्पर्धेचे आयोजक ॲलेक्स जेबेली यांनी अंतिम लढतींसाठी व्यावसायिक कुस्तीचे रिंगण उभारण्याची प्रथा पाडली आणि २०१८ मध्ये डेटोना बीच येथे स्पर्धेच्याच आठवड्यात न्यू जपान प्रो-रेसलिंगचा प्रत्यक्ष कुस्त्यांचा कार्यक्रम ठेवला. कॉसप्ले, चित्रकारांची दालने आणि विकासकांच्या मुलाखती आता सर्वत्रच असतात. मला त्यांच्यात फारसे स्वारस्य नाही. कुस्ती मात्र शोभून दिसली, कारण दोन्हीकडचा प्रेक्षक एकच होता.

सावधगडी

मनी मॅच या विषयाचा उल्लेख अपरिहार्य आहे. इव्होच्या काळात लास वेगासच्या हॉटेलांतील खोल्यांमध्ये रात्री उशिरापर्यंत दोन खेळाडू पैसे लावून आधी दहा गेम जिंकण्याच्या लढती खेळत. ‘सॉल्टी सूट’ या नावाने अशा लढतींचे प्रक्षेपणही झाले. खेळाच्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे आहे, कारण तीनपैकी दोन गेमच्या लढतीत नशिबाने निसटणारा खेळाडू दहाच्या लढतीत निसटू शकत नाही.

भारतात मात्र याची नक्कल करताना थांबून विचार करावा. पैजेवर खेळण्याविषयीचे आपले कायदे जुने आहेत आणि राज्यागणिक वेगळे आहेत; शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळे स्थान दिले. प्रवेश शुल्कातून जाहीर केलेले बक्षीस देणे आणि प्रेक्षकांनी खेळाडूंवर पैसे लावणे यांत मोठे अंतर आहे. दहा गेमच्या लढतीची गंमत पैशाविनाही टिकते. प्रदर्शनीय लढत म्हणून ती ठेवावी आणि दोन्ही खेळाडूंना ठरलेले मानधन द्यावे, हा माझा आग्रह आहे.

कोंडीफोड

भारताचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्याच ऑगस्ट २०२५ मध्ये सोनीने इव्होमधील आपला हिस्सा नॉडविन गेमिंगला विकला. ही गुरुग्रामची कंपनी मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजच्या परिवारातून वाढलेली आहे आणि कॉमिक कॉन इंडियाही तिच्याकडे आहे. इव्होकडून आपले आयोजक आता काय उचलतात, हे पाहण्यासारखे असेल. रोषणाई, मोठा पडदा आणि प्रायोजकांच्या पाट्या उचलणे सोपे आहे. स्वतःचा कन्सोल घेऊन या आणि हवा तो खेळ मांडा, असे सांगणारा सभागृहाचा कोपरा भाड्याच्या हिशेबात तोट्याचा दिसतो आणि म्हणून सर्वांत आधी कापला जातो.

नवखा_आयोजक

सर्वांचे प्रतिसाद वाचून एक प्रश्न विचारतो. आम्ही काही मित्र पुण्यात टेकन ८ आणि स्ट्रीट फायटर ६ यांची एक दिवसाची छोटी स्पर्धा घेण्याच्या विचारात आहोत. सहा सेटअप, चाळीसेक खेळाडू आणि एकच सभागृह आहे. पहिला साइड इव्हेंट कोणता घ्यावा?

ब्रॅकेटकर

एका दिवसात दोन मुख्य खेळ असतील तर तिसरा पूर्ण ब्रॅकेट घेऊ नका. वर मांडलेला हिशेब पाहता ते जमणार नाही. तीन-तीन जणांच्या संघांची स्पर्धा घ्या आणि ती दोन्हींपैकी एका मुख्य खेळावरच ठेवा, म्हणजे वेगळे यंत्र लागणार नाही. जिंकणारा बसून राहील, हरणारा उठेल आणि त्याच्या संघातील पुढचा खेळाडू येईल. आठ संघ आणि एकेरी बाद पद्धत ठेवली तर सातच सामने होतात आणि नवख्या खेळाडूला अनुभवी जोडीदारांबरोबर बसण्याची संधी मिळते. संघ चिठ्ठ्या टाकून पाडा, नाहीतर तीन उत्तम खेळाडू एकत्र येतील आणि निकाल आधीच ठरेल.

याखेरीज भिंतीलगत एक टेबल ब्रॅकेटविना सोडा आणि त्यावर टोकनवाला यांनी सुचवलेला ‘९७’ ठेवा. तिथे नोंदणी नको, शुल्क नको, फक्त एका वहीत सलग विजयांची नोंद ठेवा आणि दिवसअखेर ज्याची मालिका सर्वांत लांब असेल त्याला टी-शर्ट द्या. अंतिम फेरी सुरू होण्याच्या अर्धा तास आधी ते टेबल बंद होईल, असा कागद त्याच टेबलावर चिकटवा. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र मोजून दोन जास्त न्या. सभागृहवाले सांगतात तितके प्लग पॉइंट चालू स्थितीत क्वचितच सापडतात.